लेक स्पॅनिश फाडफाड बोलते, पण वाचायला बसली की अडते. घरी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा की आई मराठी, बाबा टेक्सासच्या सॅन अँटोनिओत वाढलेले मेक्सिकन-अमेरिकन, लेक ८ वर्षांची, तिसरीत, शाळा पूर्ण इंग्लिश. बाबांशी आणि मेक्सिकोतल्या मॉन्तेरेच्या आजीशी स्पॅनिश मस्त बोलते, इंग्लिश वाचन वर्गाच्या बरोबरीने आहे, पण स्पॅनिश पुस्तक समोर ठेवलं की तिसऱ्या ओळीला पुस्तक बंद. आईची स्पॅनिश हॉटेलात ऑर्डर देण्यापुरती, आणि बाबा वाचून दाखवायचं टाळतात. ट्यूटर लावू का, पुस्तकं कुठली आणू, आणि ह्या सगळ्यात मराठी मागे पडेल का, असं विचारलंय.

मी टेक्सासमध्येच प्रायमरीच्या मुलांना स्पॅनिश-इंग्लिश दोन्ही शिकवते, स्वतः स्पॅनिश पुण्यात शिकले, त्यामुळे तुमच्या घरातल्या दोन्ही बाजू मला थोड्याफार कळतात. आणि अशी घरं इथे खूप आहेत, तुम्ही एकट्या नाही आहात.

पुस्तकं विकत आणायच्या आधी एक गोष्ट करा. "वाचता येत नाही" हे जे आपण म्हणतो ना त्यात दोन वेगवेगळे प्रॉब्लेम लपलेले असतात आणि दोघांचे इलाज वेगळे आहेत. तिच्या वयाचं साधं गोष्टीचं पुस्तक घ्या, एक पान तिला मोठ्याने वाचू द्या, फोनवर रेकॉर्ड करा, मध्ये अजिबात बोलू नका. मग दुसरं पान बाबांनी तिला वाचून दाखवायचं, चित्र न दाखवता, आणि विचारायचं काय काय झालं. तिने कुठल्याही भाषेत सांगितलं तरी चालेल. ऐकून सगळं कळतंय पण स्वतः वाचताना धडपडतेय, तर अडचण अक्षरांची आहे, ती लवकर सुटते. ऐकूनही अर्धवटच कळतंय, तर अडचण पुस्तकी भाषेची आहे, तिला वेळ लागतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतंय की दोन्ही थोडं थोडं असणार, घरी बोलून शिकलेल्या मुलांचं बहुतेक वेळा तसंच असतं.

आधी अक्षरांचं घेऊ कारण ते सोपं आहे. तुमची मुलगी स्पॅनिश वाचत नाहीये, ती इंग्लिशच्या डोळ्यांनी स्पॅनिश शब्द बघतेय. इंग्लिश वाचताना मुलं अख्खा शब्द एकदम ओळखायला शिकतात, स्वर कधी काय उच्चारायचा ह्याचा भरवसा नसतो म्हणून. तीच सवय इकडे आली की टेबलासाठीचा मेसा हा शब्द ती मीसा वाचणार, वीवेचं व्हाइव करणार. त्यात काही शब्द तर डिट्टो इंग्लिशसारखे दिसतात. कोमे म्हणजे खातो, स्पेलिंग मात्र इंग्लिशमधल्या कमचं. दीसे म्हणजे म्हणतो, दिसायला फाशांचा डाइस, आणि वर्तमानकाळात सांगितलेल्या गोष्टीत हा शब्द पानोपानी येतो कारण कोणीतरी सतत काहीतरी म्हणतच असतं. अकरासाठी ओन्से आहे तो वन्ससारखा दिसतो, पायासाठी पिए आहे तो खायच्या पायसारखा. आता विचार करा, जी मुलगी इंग्लिश चांगलं वाचते तिचा मेंदू हे शब्द बघितल्याबरोबर इंग्लिश गिअर टाकणारच ना. हुशारीचा काही संबंध नाही, उलट इंग्लिश जितकं सराईत तितका हा घोळ जास्त दिसतो.

इलाज म्हणजे पाच स्वर पक्के करणं. स्पॅनिशमध्ये आ, ए, इ, ओ, उ एवढंच, कुठेही आले तरी तेच, आखूड नाही, लांब नाही, गिळलेले नाहीत. मेक्सिकोतली मुलं वर्षानुवर्षं मा मे मी मो मू, सा से सी सो सू असं तुकड्या-तुकड्याने वाचायला शिकलीयेत, आपल्या बाराखडीचं हे छोटं भावंडच समजा. आठवडाभर रोज पाच मिनिटं एवढंच करा. म, प, ल, स, त पासून सुरू करायचं, दोन तुकडे जोडायचे, मग तीन. आणि मधूनमधून अर्थ नसलेले शब्द द्या, मुपे, तामिसो, पेलाती असं काहीही, कारण अर्थ असला की ती अंदाजाने मारून नेते आणि आपल्याला वाटतं वाचलं. अर्थच नसला की वाचावंच लागतं, आणि मुलांना असले फालतू शब्द फार आवडतात, पाळीव ड्रॅगनची नावं आहेत म्हणून सांगा.

मग राहतात मोजकी वाकडी अक्षरं. एच एकटा असला की पूर्ण मुका. जे म्हणजे घशातून येणारा ख आणि ह च्या मधला आवाज. जी आणि सी पुढे इ किंवा ए चा स्वर आला की बदलतात, जी जे सारखा होतो आणि सी स सारखा. क्यू नंतरचा यू बोलायचा नाही, म्हणून चीजसाठी केसो. जी नंतर यू आणि मग इ-ए आला तर तो यूसुद्धा मुका, गितार्रामधल्यासारखा, पण त्याच यूवर दोन टिंबं असली की तो बोलतो, पिंग्विनो. डबल एल बाबांच्या घरी य सारखा असणार. व्ही आणि बी चा आवाज एकच, तिथे वाचताना काहीच अडत नाही, लिहिताना मात्र मोठी माणसंसुद्धा चुकतात. आणि डबल आर, पेरो म्हणजे पण, पेर्रो म्हणजे कुत्रा. हे सगळं एका दिवसात शिकवायचं नाही, आठवड्याला एक-दोन, ज्या पुस्तकात येतील तशी. इंग्लिश वाचायला येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला हा टप्पा थोड्या आठवड्यांत पार होतो, महिनोन्‌महिने लागत नाहीत.

आजी शिकवायला बसल्या तर एक गंमत होईल, त्या म्हणतील मुळाक्षरं २९ आणि हल्लीचा तक्ता म्हणेल २७. च आणि डबल एल ही पूर्वी स्वतंत्र अक्षरं धरायचे, जुन्या डिक्शनरीत त्यांचे वेगळे विभाग असायचे, १९९४ मध्ये डिक्शनरीतला क्रम बदलला आणि २०१० मध्ये ती मुळाक्षरांतूनच गेली. तेव्हा आजी चूक नाहीत, भांडू नका.

आता ते अक्षरांवरचं छोटं तिरकं चिन्ह, तील्दे. घरी बोलून शिकलेली मुलं ते धूळ असल्यासारखं सोडून देतात. आणि इथेच गोष्ट कळत नाही! आब्लो मध्ये जोर आ वर असेल तर मी बोलतो, शेवटच्या ओ वर चिन्ह आणि जोर असेल तर तो बोलला. आता गोष्टींची पुस्तकं बहुतेक भूतकाळात, तो आत आला, तिने बघितलं, ससा पळाला, म्हणजे असल्या क्रियापदांच्या शेवटी सारखा चिन्हवाला ओ. पोरीने ते चिन्ह गाळलं की तिच्या डोक्यात "मी आत येतो, मी बघतो, मी पळतो" असं चाललेलं असतं आणि मग दुसऱ्या पानावर कोण काय करतंय ह्याचा पत्ता लागत नाही, आपण म्हणतो कॉम्प्रिहेन्शन वीक आहे. कॉम्प्रिहेन्शन कसलं, एक रेघ सुटलीये. नियमही सोपा आहे, शब्द स्वराने किंवा एन, एसने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, बाकीच्यात शेवटच्या तुकड्यावर, आणि जिथे ह्याच्यापेक्षा वेगळं असेल तिथे चिन्ह छापलेलं असतं (चिन्हाची बाकी कारणंही आहेत, पण ती आत्ता सोडा). टाळी वाजवून करा, जोराच्या जागी मोठी टाळी. पापा हा शब्द दोन्ही प्रकारे म्हणून दाखवा, पहिल्यावर जोर दिला की बटाटा, शेवटच्यावर दिला की बाबा. बाबांना दिवसभर बटाटा म्हणायची परवानगी मिळाली की तील्दे जन्मात विसरत नाहीत.

एवढं झालं की ती वाचेल, पण हळू. आणि इथे आई-बाबा घाबरतात. इंग्लिश मिनिटाला इतके शब्द आणि स्पॅनिश इतकेच, असं म्हणून तुलना करू नका. स्पॅनिशचे शब्दच लांब, फुलपाखरू म्हणजे मारिपोसा, चार तुकडे, त्यामुळे स्पॅनिश घरातच वाढलेल्या मुलांचाही शब्दांचा आकडा कमीच येतो. स्पॅनिशसारख्या भाषेत मुलं बरोबर वाचायला लवकर शिकतात, वेगाला वेळ लागतो, आणि वेग फक्त वाचूनच येतो. त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रकार म्हणजे तेच पान पुन्हा. आज बाबांनी एक परिच्छेद वाचायचा, बोट फिरवत, नाटकी आवाजात, मग तिने तोच वाचायचा, मग दोघांनी बरोबर. उद्या तोच परिच्छेद तिने एकटीने. परवा आजीला व्हिडिओ कॉलवर. चौथ्या दिवशी पुढचा. पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, बास. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही, भांडण तेवढं होतं.

चुका दुरुस्त करण्याबद्दल. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. अर्थ न बदलणारी चूक असेल तर सोडून द्या. अर्थ बदलला असेल तर "हे ऐकून तुला पटलं का?" एवढंच विचारा आणि तिला परत बघू द्या, तरी नाही सुटलं तर सरळ सांगून टाका, कोडी घालत बसू नका. आणि जी चूकच नाही ती चूक धरू नका, म्हणजे बाबा घरी पारा ला पा म्हणत असतील आणि तीही वाचताना पा म्हणाली तर तिने वाचलंय बरोबर, बोलली घरच्यासारखं. पोर्तो रिको, क्यूबाकडची मुलं शब्दाच्या शेवटचा स गिळतात, छापलेला स दिसूनसुद्धा, तो त्यांच्या बोलीचा भाग आहे. ह्यावर काही शिक्षक मार्क कापतात, मला ते अजिबात पटत नाही.

आता अवघड भाग, पुस्तकी भाषा. तुमच्या मुलीला जेव, झोप, बूट घाल, आजीला फोन कर, अशी सगळी स्पॅनिश येते. पण गोष्टीत कोल्हा पुटपुटतो, बिळात दडून बसतो, राणी उसासा टाकते, "इतक्यात", "तरीही", "जणू काही" असले शब्द येतात, आणि हे शब्द घरात कोणी बोलतच नाही. आपल्या अमेरिकेतल्या मराठी मुलांचं तेच होतं ना, "पाणी दे" येतं पण "हिरमुसला" म्हटलं की चेहरा कोरा. हे शब्द कानावर पडायचा एकच रस्ता आहे, कोणीतरी तिला वाचून दाखवणं, आणि तेही तिच्या स्वतःच्या लेव्हलच्या वरचं पुस्तक. म्हणजे दोन पुस्तकं चालू ठेवा, एक सोपं ती वाचणार ते, आणि एक अवघड, मोठं, उत्सुकता लावणारं, बाबा किंवा आजी वाचणार ते. दुसऱ्यात तिला काहीही विचारायचं नाही, परीक्षा नाही, नुसतं लोळून ऐकायचं. मला दोन्हीपैकी एकच निवडायला सांगितलं तर मी हे दुसरं निवडेन.

इथे बाबांबद्दल थोडं, कारण तुम्ही लिहिलंय की ते टाळतात. टेक्सासमध्ये वाढलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या खूप जणांना स्पॅनिश वाचायची लाज वाटते आणि त्याला इतिहास आहे. १९१८ च्या कायद्याने इथल्या शाळांत इंग्लिश सोडून दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा होता, स्पॅनिश बोललं म्हणून मुलांनी मार खाल्लाय, द्विभाषिक शिक्षणाचा राज्याचा कायदा आला तो थेट १९७३ मध्ये. त्या पिढीने आपल्या पोरांना घरी स्पॅनिश बोलू दिलं पण वाचन-लेखन कधी शिकवलंच नाही, शाळेत तर प्रश्नच नव्हता. म्हणजे तुमचे मिस्टर घडाघडा बोलतात पण मोठ्याने वाचताना कदाचित स्वतःच अडखळत असतील आणि लेकीसमोर ते नको वाटत असेल. त्यांना चिडवू नका, "रात्री एकदा आधी वाचून ठेव" एवढंच सांगा. लहान मुलांच्या पुस्तकापासून सुरू केलं तर त्यांचीही गाडी लवकर रुळावर येते. आणि ते अडखळले, परत मागे जाऊन वाचलं, हे पोरीने बघितलं तर फायदाच आहे.

तुमचं काम काय? तुम्हाला वाटतंय तुम्ही काहीच करू शकत नाही. मी तर म्हणेन तुमच्याकडे सगळ्यात भारी जागा आहे, कारण तुम्हाला गोष्ट खरंच माहीत नाहीये. तिने स्पॅनिश पान वाचायचं आणि तुम्हाला मराठीत सांगायचं काय झालं ते. बाबांना सांगताना ती म्हणेल "तुला माहितीये ना", तुमच्याशी ते चालत नाही, तिला नीट समजून घ्यावंच लागतं. एका भाषेत वाचून दुसरीत सांगणं हे आम्ही वर्गातही मुद्दाम करून घेतो, त्यात समज किती झालीये ते स्वच्छ कळतं. आणि तुमचा मराठीचा प्रश्न तिथेच अर्धा सुटला. शब्द अडला तर इंग्लिश टाकू द्या, टोकू नका.

शिवाय तुमचं तोंड मराठी आहे ह्याचा फायदा घ्या. स्पॅनिशचा त आणि द आपल्या त, द सारखा दातांवरचा आहे, इंग्लिशसारखा ट-ड कडे झुकणारा नाही. प, त, क मध्ये श्वासाचा फुसका नाही, आपल्यासारखंच. साधा र आपलाच. स्वर तर आपलेच. इंग्लिश शाळेत शिकलेल्या मुलीचा तू हा शब्द टू सारखा येत असेल तर तो तुम्ही बाबांच्या आधी पकडाल. वर जी वाकडी अक्षरं सांगितली ती तुम्हीही शिका, एका संध्याकाळचं काम आहे, आणि मग एक पान तुम्ही वाचा आणि तिला तुमच्या चुका काढू द्या. मुलांना ह्याच्याइतका आनंद कशात होत नसेल. फक्त एक करू नका, स्पॅनिश शब्दांवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवू नका. मदत वाटते, पण डोळा तिथेच जातो आणि खालची अक्षरं वाचायची राहतात.

पुस्तकं. एका पानावर इंग्लिश आणि समोर स्पॅनिश अशी जी द्विभाषिक पुस्तकं मिळतात ती आई-बाबांना फार आवडतात, मला तिच्यासाठी तितकीशी नाही, कारण इंग्लिश सोपं आहे आणि ते समोर दिसतंय, ती तेच वाचणार. तुम्ही स्वतः वाचणार असाल तर छान आहेत. तिच्यासाठी असलं पुस्तक वापरायचंच तर इंग्लिशवर पोस्ट-इट लावा. दुसरं, इंग्लिशमधली यमकवाली पुस्तकं स्पॅनिशमध्ये भाषांतरित केलेली शक्यतो टाळा, यमक जुळवायच्या नादात वाक्यं इतकी वेडीवाकडी होतात की आजीलाही कळणार नाहीत. मुळात स्पॅनिशमध्ये लिहिलेली शोधा. कुठे छापलंय तेही बघा, स्पेनचं पुस्तक असेल तर त्यात "तुम्ही सगळे" साठी वोसोत्रोस आणि त्याची क्रियापदं असतात जी मेक्सिकन घरात कोणी वापरत नाही, ज्यूसला हुगोऐवजी सुमो असतं, बटाट्याला पापाऐवजी पाताता. वाईट काही नाही, नंतर वाचायला मजाही येते, पण सुरुवातीला कशाला अजून एक खड्डा. लायब्ररीत पुरा बेलप्रे पुरस्काराचं लेबल असलेली पुस्तकं बघा, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत १९२१ पासून काम केलेल्या पोर्तो रिकोच्या लायब्ररियनच्या नावाने १९९६ पासून हा पुरस्कार आहे, चांगली निवड असते, पण एक सांगते, तो लॅटिनो लेखक-चित्रकारांना असतो आणि त्यातली बरीचशी पुस्तकं इंग्लिशमध्येच असतात, तेव्हा स्पॅनिश आवृत्ती आहे का ते विचारून घ्या. लिबी नावाच्या अ‍ॅपवर लायब्ररीच्या कार्डाने स्पॅनिश ई-बुक्स आणि ऑडिओबुक्स फुकट मिळतात, पुस्तक हातात आणि ऑडिओ कानात असं एकत्र केलं तर अजून छान.

तिला जे आवडतं ते घ्या. शार्क आवडत असतील तर शार्क. माहितीच्या पुस्तकांत एक छुपा फायदा असतो, मोठे मोठे शब्द इंग्लिशसारखेच निघतात, आनिमाल, ओस्पिताल, इम्पोर्तान्ते, आणि इंग्लिशमध्ये शनने संपणारे शब्द इकडे सियोनने संपतात, हे एकदा दाखवलं की ती स्वतःच शिकारीला निघते. फसवे शब्दही निघतील, रोपा म्हणजे दोर नाही कपडे, कार्पेता म्हणजे गालिचा नाही फाईल, पण त्याची भीती नको, एकदा हसलं की लक्षात राहतं. कॉमिक्स चालतील का असं सगळे विचारतात, चालतील, धावतील. गोष्टींच्या पुस्तकात मात्र एक आधी दाखवून ठेवा, स्पॅनिशमध्ये संवादाला अवतरणचिन्हांऐवजी बहुतेक वेळा आडवी रेघ असते, इंग्लिशला सरावलेल्या मुलांना कोण बोलतंय तेच कळत नाही. आणि उलटं प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीला येतं ही तर सोयच आहे, आवाज कधी चढवायचा ते आधीच सांगून ठेवतं.

पुस्तकाशिवायचं वाचनही धरा. आजींकडे लोतेरीयाचा, म्हणजे आपल्या तंबोलासारख्या चित्रांच्या खेळाचा पट असेलच, नसेल तर मेक्सिकन दुकानात स्वस्तात मिळतो, ५४ पत्ते, प्रत्येकावर चित्र आणि खाली नाव, कोंबडा, चंद्र, शिडी, मृत्यू वगैरे. ओरडणारा तिला करा, म्हणजे ५४ नावं तिला वाचावीच लागतात, आणि वाल किंवा राजमा लावून मोठी माणसंही खेळतात त्यामुळे अभ्यास वाटत नाही. तोंडाला वळण म्हणून त्रेस त्रिस्तेस तीग्रेस वालं ते गव्हाच्या शेतातल्या तीन दुःखी वाघांचं वाक्य आहे, त जोडून र असलेली अक्षरं वाचताना मुलं अडकतात ना, त्यावर हाच उतारा. बाबांनी डब्यात चिठ्ठी टाकावी, दोन ओळींची. आजीने व्हॉइस मेसेजऐवजी टाइप करून पाठवावं, स्पेलिंगच्या चुका असल्या तरी हरकत नाही.

टीव्हीला आवाज स्पॅनिश आणि सबटायटलही स्पॅनिश ठेवा, इंग्लिश नको. आपल्याकडे दूरदर्शनवर चित्रहार, रंगोलीत गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायचे ते ह्याच विचाराने. पण एक कटकट आहे, डब केलेल्या कार्टूनमध्ये बोलतात एक आणि खाली लिहिलेलं असतं दुसरंच, कारण दोन्ही भाषांतरं वेगवेगळ्या लोकांनी केलेली असतात. वाचायला शिकणाऱ्या मुलीला त्याने नुसता गोंधळ होतो. मुळात स्पॅनिशमध्ये बनवलेला कार्यक्रम घ्या, किंवा गाणी, आधी दोन मिनिटं स्वतः ताडून बघा.

मराठी मागे पडेल का, तर स्पॅनिश वाचल्यामुळे नाही. वेळ न दिल्यामुळे पडेल, ते वेगळं. वाचताना अर्थ लावणं, पुढे काय होईल ह्याचा अंदाज, न कळलं तर मागे जाणं, हे एका भाषेत जमलं की दुसरीत येतंच, नव्याने शिकायची ती फक्त अक्षरं आणि शब्द. एकाच संध्याकाळी तीन भाषांचा अभ्यास मात्र लावू नका. देवनागरी वाचायला शिकवायची असेल तर स्पॅनिश थोडी सुटी झाली की घ्या, आणि तोवर मराठी गोष्टी ऐकणं-सांगणं चालू राहू द्या.

एक शक्यता सांगून ठेवते, घाबरवायला नाही. हे सगळं नियमित करूनही तीन-चार महिन्यांनी तुकडे जोडताना तेवढीच ओढाताण होत असेल, आणि इंग्लिशमध्येही नीट बघितल्यावर हळू वाचन, स्पेलिंगची मारामारी, मोठ्याने वाचायची टाळाटाळ दिसत असेल, तर डिस्लेक्सिया आहे का ते तपासून घ्या. स्पॅनिशमध्ये डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणात दिसतो, मूल बरोबर वाचतं पण भयंकर हळू, म्हणून तो निसटतो. "दोन-तीन भाषा आहेत म्हणून होतंय, एक भाषा बंद करा" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, भाषा बंद केल्याने डिस्लेक्सिया जात नाही. अमेरिकेत पब्लिक स्कूलकडे तपासणीची मागणी करायचा पालकांना कायद्याने हक्क आहे, ती लेखी करा, तारीख घालून, आणि मुलीला घरी कुठल्या भाषा आहेत हे त्यात स्पष्ट लिहा. तुमच्या मुलीचं इंग्लिश वर्गाच्या बरोबरीने आहे म्हणताय त्यामुळे मला आत्ता तरी तसं वाटत नाहीये.

राहिला ट्यूटर. आत्ता नको. आधी दोन-तीन महिने घरी करून बघा. बाबांच्या कामाच्या वेळांमुळे खरंच जमत नसेल तर मग लावा, पण व्याकरणाच्या वर्कशीट्स भरून घेणारा नको, क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेणारा तर नकोच, कारण बोलणाऱ्या मुलीला ते आधीच येतं आणि ती कंटाळून मरेल. पहिल्या तासाला बसून बघा, तासातला निम्म्याहून जास्त वेळ पुस्तक उघडं असेल आणि मुलगी वाचत किंवा ऐकत असेल तर ठेवा. परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश शिकवणारे आणि घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना वाचायला शिकवणारे वेगळे, फोनवरच विचारून घ्या की अशी मुलं आधी शिकवलीयेत का. कॉलेजात शिकणारी, मेक्सिकोत प्रायमरी शाळा झालेली एखादी मुलगी ओळखीत असेल तर ती आठवड्यातून दोनदा येऊन नुसती हिच्याबरोबर वाचेल, महागड्या सेंटरपेक्षा मला तो सौदा कधीही बरा वाटतो.